दीड वर्षाच्या पैशात दोन वर्षं

मित्रांनो, साताऱ्यातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या पाटांच्या शेजारी, एक वातीचा स्टो ठेवलेला आहे. त्याचा निळा रंग उडाला आहे आणि एक पाय थोडा वाकला आहे. तो स्टो म्हणजे मी. माझ्यावर शिजलेल्या दोन वर्षांच्या स्वयंपाकाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मिरजेचा. स्टेशनामागच्या एका लहानशा कारखान्यात माझा पत्रा कापला गेला, टाकी ठोकली गेली, वाती ओवल्या गेल्या. तिथून मी सांगलीच्या बाजारात आलो आणि एका दुकानाच्या दारात टांगला गेलो. त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये एक उंच, सडपातळ मुलगी दुकानापुढे थांबली. तिनं मला खाली उतरवायला लावलं, वाती वरखाली करून पाहिल्या आणि बराच वेळ घासाघीस करून मला विकत घेतलं. तिचं नाव शरयू.

शरयू वाईची. इतिहासात एम.ए. करायला ती सांगलीला आली होती. तिचे वडील नारायणराव वाईच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्याच साली ते निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "शरू, यातलं तुझ्या वाट्याला एवढं. दीड वर्ष निघेल. पुढचं मला झेपणार नाही."

एम.ए. तर दोन वर्षांचं. शरयू म्हणाली, "मी दोन वर्षं काढीन." आणि तिनं तसंच ठरवून टाकलं.

विश्रामबागेजवळ राहीबाईंच्या घरात तिनं एक खोली घेतली. राहीबाईंचे यजमान पलटणीत होते. त्यांच्या मागे पेन्शन आणि मुलींना भाड्यानं दिलेल्या खोल्या, यावर बाईंचं चालायचं. बाकीच्या मुली खानावळीत जेवायच्या. शरयूनं मात्र खानावळीचा महिन्याचा आकडा विचारला आणि दुसऱ्या दिवशी मला घरी आणलं.

तिची रीत मला फार आवडायची. वडिलांनी दिलेल्या पैशांतून तिनं आधी दोन्ही वर्षांची फी आणि परीक्षेचे पैसे पोस्टात टाकले. उरलेल्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची. भाडं देऊन झालं की बाकीच्या पैशांच्या चार पुड्या बांधायच्या, आठवड्याला एक. चालू आठवड्याची पुडी संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. पुडीत काही उरलं तर ते एका पत्र्याच्या डब्यात जायचं. तो डबा दुसऱ्या वर्षासाठी होता.

सुरुवातीला सगळं छान चाललं. भात, आमटी, कधी मेथीची भाजी. शरयूला स्वयंपाक बेताचाच यायचा. तिची भाकरी तव्यावर टाकताना तुटायची आणि ती तुकडे जोडून भाजायची. मला त्याचं हसू यायचं, पण माझं काम मी मनापासून करायचो.

पुढे मात्र त्या डब्याची तिला गोडी लागली. एका आठवड्याला थोडी जास्त शिल्लक पडली, की पुढच्या आठवड्याला तिला त्याहून जास्त हवी असायची. आधी भाजी बंद झाली. मग आमटी पातळ झाली. त्या हिवाळ्यात रॉकेल मिळेनासं झालं, दुकानापुढे डब्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा तिला एक निमित्तच मिळालं. संध्याकाळी ती मला फक्त चहापुरतं पेटवू लागली. चहा पिऊन ती पुस्तक उघडायची. डबा जड होत होता आणि शरयूच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. मला ते दिसत होतं, पण मी बोलणार कसा? माझ्या टाकीत तेल होतं आणि मी थंड बसून होतो.

एके दिवशी दुपारी कॉलेजच्या वाचनालयाचा जिना चढताना शरयू घेरी येऊन पडली. शेजारच्या खोलीतल्या बनूनं तिला टांग्यात घालून घरी आणलं. बनू विट्याकडची. तिच्या वडिलांचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान होतं. मनिऑर्डर भरघोस यायची, पण वीस तारखेनंतर बनूकडे चहालाही पैसे नसायचे.

राहीबाई धावत आल्या. त्यांनी शरयूचे पाय चोळले.

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"आन् काल रातीला?"

शरयूनं मान वळवली. राहीबाईंनी माझ्या टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. तेल काठोकाठ होतं. त्या तशाच उठल्या. आपल्या घरातून मऊ भात आणि तूप घेऊन आल्या आणि शरयूनं खाऊन संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

बनू घाबरली होती. तिनं कुणाला न विचारता वाईला कार्ड टाकलं. शरयूला हे कळलं तेव्हा ती संतापली.

"बाबा मला घेऊन जातील. सगळं संपलं आता. तुला कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"कुणी न्हाई सांगितलं," बनू म्हणाली. "पर तू मेलीस तर एम.ए. कोण करणार हाय?"

मग ती माझ्यापुढे बसली, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापू लागली. माझ्या सगळ्या वाती तिनं मोठ्या केल्या. किती दिवसांनी मी असा पेटलो होतो! भाकरी टम्म फुगली. बनू म्हणाली, "हे बघ गं, मला हिशेब येत न्हाई आन् तुला भाकरी येत न्हाई. मी खानावळ सोडते. माझं पैसं तू ठेव, माझ्या पन पुड्या बांध. रांधायचं मी बघते."

शरयूनं लगेच होकार दिला नाही. भाकरी मात्र तिनं दोन खाल्ल्या.

चार दिवसांनी नारायणराव एस.टी.नं आले. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. शरयूनं निघायची तयारी करावी म्हणूनच ते आले होते. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्यावर वांग्याची भाजी शिजत होती.

ते जेवायला बसले. बनूनं गरम भाकरी वाढली. त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली. हात धुतल्यावर म्हणाले, "तुझ्या पुड्या दाखव."

शरयूनं पुड्या दाखवल्या. मग तो डबाही पुढे ठेवला. त्यांनी उचलून पाहिला.

"बराच जड आहे."

"दुसऱ्या वर्षासाठी आहे, बाबा. तुमच्याकडे मागायला लागू नये म्हणून."

नारायणरावांनी डबा मांडीवर ठेवला.

"शरू, पोस्टात टाकलंस ते शहाणपणाचं केलंस. पुड्याही छान. पण या डब्यात तू न जेवलेली जेवणं आहेत. आमच्या छापखान्यात ओळ बसत नसली, तर आम्ही शब्दांमधली जागा कमी करतो. अक्षरं गाळत नाही."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी घरी यायचं का?"

"घरी कशाला? बाजार कुठल्या बाजूला आहे ते सांग."

डबा घेऊन ते बाहेर पडले. परत आले तेव्हा पिशवीत तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तुपाची बरणी आणि हळकुंडं होती. डब्यात फार थोडं उरलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं ते वाईला गेले. जाताना बनूला म्हणाले, "पोरी, कार्ड टाकलंस ते बरं केलंस."

मित्रांनो, त्यानंतर शरयू शब्दांमधली जागा शोधायला लागली. ती आणि बनू एकाच खोलीत राहू लागल्या, त्यामुळे भाडं निम्मं झालं. पुस्तकं पुढच्या वर्गातल्या मुलींकडून घेतली. भाजी शनिवारच्या बाजारातून आठवड्याची एकदम यायची. डाळ आधी भिजत घातली आणि भांड्यावर झाकण ठेवलं, तर रॉकेल किती वाचतं हे मी स्वतः पाहिलं. पुढच्या वर्षी आणखी दोन मुली आमच्यात जेवू लागल्या. मी सकाळ-संध्याकाळ पेटलेला असायचो. दर रविवारी शरयू माझी काजळी पुसायची, वाती कात्रीनं सारख्या करायची. माझा पाय वाकला तो याच काळात, चौघींच्या भाताच्या पातेल्याखाली. त्याचं मला कधी दुःख झालं नाही.

बनूच्या वडिलांचं मात्र मदुराईहून काळजीचं पत्र आलं: तू दोन महिनं जादा पैसं मागितलं न्हाईस, तब्येत बरी हाय न्हवं?

डब्यात आता फार काही पडत नव्हतं. तरीही पंच्याहत्तर साली परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा भाड्यापर्यंतचं सगळं देऊन एक अख्खी पुडी शिल्लक होती. शरयूनं ती हातात घेतली आणि राहीबाईंच्या दाराशी गेली.

"राहीबाई, लुगडं बदला. आज सगळ्यांनी हॉटेलात जेवायचं."

"आगं, मी कवा हाटेलात गेले न्हाई."

"म्हणून तर."

त्या संध्याकाळी खोलीत मी एकटाच होतो, थंड. परत आल्यावर राहीबाई जिन्यातच बसल्या. म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा कुनीतरी ताट पुढं आनून ठिवलं. लय बरं वाटलं." शरयू त्यांच्याजवळ बसली. दोन वर्षांत तिला इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे शरयू साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवू लागली. मीही तिच्यासोबत आलो. काही वर्षांनी घरात गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या वाती वाळल्या आहेत, टाकीच्या तळाशी गंज आहे. क्वचित पाहुणे फार झाले तर माझी आठवण निघते, पण मला खाली कुणी काढत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एवढंच सांगतो, मित्रांनो. तुम्हीही उद्या शिकायला परगावी जाल. मोजक्या पैशात दिवस काढाल. खर्च जरूर आखा, फीचे पैसे आधी बाजूला काढा, एका खोलीत दोघं राहा, जुनी पुस्तकं वापरा. पण संध्याकाळी घरी आलात की चूल असो, स्टो असो, जे काही असेल ते पेटवा आणि पोटभर जेवा. आणि जेवून झालं की त्याची काजळी तेवढी पुसून ठेवा.