भोंग्याची मुरकी

सांगतो, पण तुम्हाला खरं वाटणार नाही. अख्खं सोलापूर मी एकदा अकरा मिनिटं थांबवून ठेवलं होतं. एका हातानं. दुसऱ्या हातात तंबाखू होती.

"आदी सात मिनिटं हुती," मडिवाळप्पा म्हणाला. "दिवाळीला नऊ झाली. आता अकरा."

"वाढत्यात की. गोष्टीला काय दाणापाणी लागतंय व्हय?"

रविवारची दुपार कलली होती. चाळीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. मडिवाळप्पा म्हणजे आमच्या चाळीचा परीट, भजनात टाळ धरतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला खोड काढतो. शेजारची रंभाबाई लसूण सोलत होती. आमची नागव्वा उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की ती आता फक्त खडे ऐकते.

तर, मी गिरणीत बॉयलरवर आगवाला. कोळसा मारायचा, राख काढायची, आणि वेळ झाली की साखळी ओढायची. साखळी ओढली की भोंगा. सकाळी तीन व्हायचे. पहिला उठायचा, दुसरा निघायचा, तिसरा फाटक बंद करायचा. त्या काळी घड्याळं असायची वकिलांकडे. बाकी गाव भोंग्यावर चालायचं. आमच्या चाळीतले कोंबडे आधी भोंगा ऐकत, मग आरवत. एखादा उतावळा आधी आरवलाच, तर दुपारी कुणाच्या तरी घरी त्याचं कालवण शिजे.

"गौळणीत नाय का," मडिवाळप्पाला भजनाची उबळ आली, "बासरी वाजली की गवळणी दूध उतू जाऊंदे म्हनत पळत्यात. हितं भोंगा झाला की बाया भाकर तव्यावर टाकून पळत्यात."

"व्हय. आन् तो बी काळाच, मी बी काळाच."

"त्यो जन्माचा. तू कोळशाचा."

असू दे. एकवीस सालची गोष्ट. मी चाळिशीला टेकलेला, एकटा. गिरणीच्या रीळखात्यात एक नवी बाई लागली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अक्कलकोटाकडच्या खेड्यातून तिचा भाऊ शंकरप्पा तिला घेऊन आला होता. आठवड्यात ती दोनदा उशिरा आली. रीळखात्यातल्या बायांवरची नायकीण गौरम्मा म्हणजे बाईच्या लुगड्यातली फौजदार. तिनं सगळ्यांसमोर बजावलं, "तिसऱ्यांदा फाटकाभाईर दिसलीस तर नाव कमी!" आणि भावानं वर जोडलं की नाव कमी झालं तर येत्या रविवारी गावाकडची गाडी, मग जन्मभर वहिनीच्या गोठ्यातलं शेण.

ती दुसऱ्यांदा उशिरा आली त्या दिवशी मी राखेची गाडी रिकामी करायला बाहेर आलो, तर बंद फाटकाला पाठ लावून ती बसलेली.

मी म्हणालो, "कानात बोळं घातल्यात का गं? भोंगा ऐकू येत न्हाय?"

"येतोय की. चार गिरण्यांचं चार येत्यात," ती म्हणाली. "चारी अंगांनी वराडत्यात. त्यातला तुमचा कंचा, ते मला काय कळतंय?"

तुमचा!

सतरा वर्षं मी ती साखळी ओढत होतो. भोंगा गिरणीचा होता, शेठजींचा होता. लोकांच्या शिव्या तेवढ्या माझ्या होत्या. भोंगा माझा आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी मला कोळसा हलका लागला.

"हिनं सरळ इचारलं आन् ह्यो पागळला," रंभाबाई म्हणाली. नागव्वानं सुपात एक खडा टिपला आणि बाहेर फेकला. माझ्या दिशेनं.

मी काय केलं, तर साखळी पुरी ओढायची, सोडता सोडता जरा ढिली करायची, आणि शेवटी एक हलका झटका. मग भोंगा जाता जाता मुरकी घेई, भजनीबुवा घेतात तशी. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "शेवटाला जो मुरकी घेतो, तो माजा."

तिनं पदर तोंडाला लावला. "भोंगा बी मुरकतोय व्हय?"

"तुला वळखू यावा म्हनून."

तीन महिन्यांत आमचं बोलणं झालं ते एवढंच. पण त्या तीन महिन्यांत ती एकदाही उशिरा आली नाही. बॉयलरखान्याखालून जाताना ती वर बघायची नाही. फक्त या हातातला भाकरीचा डबा त्या हातात घ्यायची. बस. मी दिवसभर भट्टीसमोर गार असायचो.

मुरकी मात्र गावभर झाली. लग्नात सनईवाले ती वाजवू लागले. पोरींना बघायला येणारे विचारू लागले, मुलगी भोंग्यासारखं गाते का? शेवटी ती आमच्या इंजिनियरसाहेबाच्या कानावर गेली. एके संध्याकाळी तो छडी आपटत आला. "ये मिल है या तमाशा? कल से सीधा बजाव. फिर सुना, तो घर जाव."

दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा मी सरळ दिला. दुसरा दिला, तोही सरळ. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी बसून ती चार भोंगे ऐकणार, मुरकी एकातही नाही. म्हणजे आमचा अजून व्हायचाच आहे असं समजून ती निवांत भाकरी थापत बसणार! आता तिसरा. मुरकी घ्यावी तर माझी चाकरी जाते. सरळ द्यावा तर फाटक लागतं, आणि ती रविवारी अक्कलकोटाकडे जाते.

वेळ झाली. साखळी माझ्या मुठीत होती. मी ओढलीच नाही.

"मग बाकीच्या तीन गिरण्यांचं काय?" मडिवाळप्पानं टाळ वाजवावा तशी टाळी दिली. "त्ये काय मौनात गेलं हुतं?"

"त्यास्नी आमच्या पाटीमागनं सुरू कराची सवय. म्होरक्याच गप, तर त्ये कशाला बोंबलतील?"

भोंगा नाही म्हटल्यावर गाव थांबलं. फाटकवाला फाटकाला हात लावून डोळे मिटून उभा. त्याचं फाटक भोंग्यानंच लागे, घड्याळ त्याला कळत नसे. तळ्यावर हा मडिवाळप्पा ओलं धोतर डोक्यावर उगारून तसाच. न्हाव्याच्या पुढ्यात एका मारवाड्याची अर्धी मिशी. मागच्या गल्लीत एक जोडपं रोज भांडायचं आणि तिसऱ्या भोंग्याला भांडण आटपायचं. त्या दिवशी भांडण सरलं तरी भोंगा होईना. मग बिचाऱ्यांची नाइलाजानं गोडी झाली. पोरगं झालं पुढं.

आणि खरं सांगू? मला भीती वाटली ती साहेबाची नव्हे. सतरा वर्षांत त्या वेळेची शांतता मी ऐकलीच नव्हती. भोंग्यात सगळं बुडून जायचं. आता मला माझा श्वास ऐकू येत होता. आपल्याला काय हवं आहे, तेही ऐकू येत होतं. फार मोठ्यानं.

तेवढ्यात शिडीवर बूट वाजले. साहेब.

"भोंगा क्यों नहीं?"

"साहेब, भोंग्यात कबुतर बसलंय. अंड्यावर हाय. वाफ सोडली तर शिजंल. शेठजींला पाप लागंल."

आमचे शेठजी मुंगीला साखर घालणारे. साहेबाचा चेहरा सुपारीसारखा झाला. तो छपरावर कबुतर बघायला चढला. आणि इकडे मी रस्त्याकडे डोळे लावले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच...

"आन् मग?" रंभाबाईच्या हातातली पाकळी हातातच राहिली.

मग तळ्याच्या वळणावर धुरळा उठला. नागव्वा! केस मोकळे, हात पिठाचे, पायांत वहाण नाही. कान देऊन बसलेल्या बाईला शांतता ऐकू आली होती. कोसभर अंतर ती हरणीसारखी कापत आली. मागं चार कुत्री, एक टांगा, टांग्यात शंकरप्पा. ती फाटकातून आत आली आणि मी साखळी ओढली. मुरकीसकट! वरून साहेब ओरडला, तर म्हटलं, कबुतर उडालं साहेब, उडताना आवाज हलणारच.

नोकरी तिची राहिली, माझीही राहिली. उन्हाळ्यात आमचा पाट लागला. अठरा वर्षं झाली, पण अजून डोळ्यांपुढं आहे ते तिचं धावत येणं. पदर असा वाऱ्यावर, छाती धापतेय, आणि तोंडानं माझंच नाव—

"सुळ्ळ!"

नागव्वानं सूप खाली आपटलं. राग आला की ती आधी कानडीत खोटं पाडते, मग मराठीत.

"खोटं, सगळं खोटं! अठरा वर्सं ऐकून घेतलं. कोन पळत आलं? मी कवाच आत हुते."

मडिवाळप्पा सरसावून बसला.

"पयल्या भोंग्याला मुरकी आली न्हाय," ती रंभाबाईला सांगू लागली, जणू मी तिथं नव्हतोच. "म्हनलं, मानूस आजारी पडलं का मेलं? पीठ परातीत तसंच टाकलं आन् आले. बगते तर ह्ये धडधाकट! साखळीला धरून हुबं, आन् डोळ्यांतनं पानी गळतंय. मी कोळशाच्या ढिगामागं थांबले."

"अगं, मग हाक न्हाय का मारायची?" रंभाबाई म्हणाली. "मानसाची चाकरी गेली असती की!"

"मारनार हुते," नागव्वा म्हणाली. "पर मला बगायचं हुतं, माज्यासाटी किती येळ गप ऱ्हातंय त्ये."