सगळ्यांच्या मागे

"मामा, हे चढायचं?" बाईंनी हेल्मेटची काच वर करून विचारले.

"हेच."

"हा रस्ता आहे?"

"कुणीतरी म्हणालं म्हणून रस्ता. एरवी दगडच."

बाई हसल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्तीला टेकलेल्या. मोटारसायकल घेऊन डोंगरात आलेल्या त्या टोळक्यात सर्वांत हळू आणि सर्वांत आनंदात त्याच होत्या. "आमचा शिपाई म्हणाला, बाई, या वयात लोक गुडघ्याला तेल लावून बसतात. म्हटलं, तू लाव, मी जाऊन येते."

"एका दमात जा. मधे थांबलात की दगड माणूस ओळखतात."

"आणि पडले तर?"

"मी आहे की मागं."

हे वाक्य मामाने इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितले होते की वहाणेच्या टाचेसारखे ते झिजून गुळगुळीत झाले होते. पण ते खोटे कधी पडले नव्हते. भाच्याने शहरातल्या लोकांना डोंगरवाटांवर गाड्या चालवायला न्यायचा धंदा काढला, तेव्हापासून भाचा सगळ्यांच्या पुढे आणि मामा सगळ्यांच्या मागे. पुढच्याला वाट माहीत असली की भागते. मागच्याला माणसे माहीत असावी लागतात. कोण पडल्यावर हाक मारतो, कोण लाजेने गप्प बसतो, कुणाला पाणी द्यायचे आणि कुणाच्या शेजारी नुसतेच बसायचे, हे मामाला ठाऊक. देवाने काहींना पुढे चालायची हौस दिली आणि काहींना मागे राहायचा धीर. मामाला दुसरे मिळाले होते आणि त्याची त्याला कधी खंत वाटली नव्हती.

त्यांची रीत सोपी होती. वाटेला फाटा फुटला की भाचा आपल्या मागच्याच गाडीवाल्याला तिथे उभा करी. त्याने हात लांब करून येणाऱ्याला दिशा दाखवायची. मामाचे नारिंगी जाकीट दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. जाकीट दिसले, म्हणजे मागे कोणी उरले नाही. मग निघायचे.

बाईंची गाडी गुरगुरत दगडांत शिरली, डुलली, वळणाआड गेली. मामाने क्लच दाबायला डावा हात उचलला. बोटे मिटली नाहीत.

हे आजचे नव्हते. कधीपासून ती बोटे सकाळी बधिर असत, मग दुपारीही राहू लागली. डॉक्टर म्हणाला होता, मनगटात नस दबली आहे, गाडी बंद करा. मामा म्हणाला, बघू. घरी बायको त्याच्या शर्टाची बटणे लावून देई आणि त्यावर चकार शब्द काढत नसे. भाच्याला मात्र काही कळू द्यायचे नव्हते. कळले की तो म्हणणार, मामा, आता घरी बसा. आणि घरी बसून करायचे काय? आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे राहिलेल्या माणसाला पुढे कोणी नसले की चालताच येत नाही.

त्याने हात झटकला, मांडीवर आपटला, काखेत धरून ऊब दिली. वर बाईंच्या गाडीचा आवाज थांबला होता. चढल्या असतील, त्याने मनाला सांगितले. मन मोठे लबाड. आपल्याला सोयीचे असेल ते ते लगेच ऐकते. दगडांच्या बाजूने झाडीतून शेळ्यांची एक पायवाट वळसा घेऊन वर निघत होती. लांबची, पण मऊ मातीची, क्लचला फारसे काम नसलेली. एवढ्या वर्षांत त्याने ती कधी धरली नव्हती. आज धरली.

वर आला तेव्हा पुढे कोणी दिसले नाही. पहिल्या फाट्यावर लांब्या उभा होता, उंच, बँकेत कारकुनी करणारा. त्याने लांबूनच नारिंगी जाकीट पाहिले, हात हलवला आणि निघून गेला. जवळ जाऊन विचारायचे होते, बाई गेल्या ना? पण लांब्या उभा राहिला नाही आणि मामाच्या अंगात त्याला गाठायचे त्राण नव्हते. पुढच्या फाट्यावरही तेच झाले. पुढची उतरण त्याने दात आवळून काढली.

खाली ओढ्याजवळ सगळे थांबले होते. कोणी बूट काढून पाण्यात पाय सोडले होते. सामानाची जीप कच्च्या रस्त्याने तिथवर आली होती.

भाच्याने मान वर करून पाहिले. "मामा, बाई कुठायत?"

मामाने इकडेतिकडे पाहिले. सगळ्या गाड्या होत्या. बाईंची नव्हती.

"तुमच्या पुढंच होत्या ना त्या?"

"मी बघतो," मामा म्हणाला.

"अहो, बघतो म्हणजे काय? वरच्या फाट्याची डावी वाट खाणीवर जाते. पुढं कडा आहे. त्यात धुकं उतरतंय. थांबा, मी जातो."

"माझं काम आहे ते," असे म्हणून मामाने गाडी वळवली देखील. भाच्याने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि तो बाजूला झाला.

उतरताना कठीण गेलेली वाट चढताना आणखी भारी पडली. सुटे खडे चाकाखालून पळत होते. बोटांनी जमेना, तेव्हा तो सगळा तळवा क्लचवर टाकून कोपरातून ओढू लागला. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा तो गाडीसकट आडवा झाला आणि तसाच थोडा वेळ पडून राहिला. अंग म्हणत होते, पडलास तर पडलास, आता इथेच राहा. देवाचे नाव घ्यायला तोंड उघडले, तर तोंडून निघाले, "बाई." मग तो उठला. पाठ टेकवून, पायांच्या जोराने त्याने गाडी उभी केली.

आधी लागला तो खालचा फाटा. तिथे कोणी नव्हते. दोन वाटा फुटल्या होत्या आणि दोन्ही सारख्याच भोळ्या दिसत होत्या. कोणी हात दाखवायला नसलेला फाटा कसा दिसतो, हे मामा आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. सगळ्यांच्या मागून येणाऱ्याला तो कुठून दिसणार?

वरच्या फाट्यावर धुक्यात त्याला आधी गाडी दिसली. मग तिच्याशेजारी दगडावर बसलेल्या बाई. हेल्मेट मांडीवर, पँट गुडघ्यावर फाटलेली. बिस्कीट खात होत्या.

मामाने गाडी बंद केली.

"या," बाई म्हणाल्या. "एकच उरलंय, अर्धं घ्या."

"तुम्ही... इथंच?"

"मग? सकाळी तुम्हीच सांगितलंत, फाट्यावर माणूस नसेल तर हलायचं नाही. एक वाट इकडं, एक तिकडं, मला काय कळणार त्यातलं? बसले."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण बसून वाटली. हिंडून वाटली असती तर पंचाईत होती."

मामा खाली बसला. "बाई, मी तुमच्या मागं नव्हतो. बाजूच्या वाटेनं पुढं आलो. मला बघून पोरं फाटे सोडून गेली."

"कळलं ते मला," बाई शांतपणे म्हणाल्या. "दगडात पडले तेव्हा दोनदा हाक मारली. मामा, म्हणून. मग म्हटलं, नाहीत."

यापेक्षा त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते.

"गाडी कशी उचललीत?"

"पाठ लावून. तुम्हीच शिकवलंत." मग त्यांनी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिले. "वर्गात पोरं काही लपवत असली ना, की आधी हात मागं घेतात. तुमचा सकाळपासून मागं आहे. दुखतो?"

"दुखला असता तर बरं. कळतच नाही."

बाईंनी बिस्किटाचा तुकडा त्याच्या उजव्या हातावर ठेवला. "खाली मी सांगते, मीच वाट चुकले म्हणून. नाहीतरी सगळ्यांना ते खरंच वाटेल."

मामाने तुकड्याकडे पाहिले. एवढे वाक्य पुरले असते. हा हंगाम निघाला असता, कदाचित पुढचाही. आणि कुठल्यातरी दगडात कोणीतरी पुन्हा मामा म्हणून हाक मारली असती.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही चुकला नाहीत. बसून राहिलात."

उतरताना बाई पुढे, मामा मागे. ती उतरण त्याने कशी काढली ते देवालाच ठाऊक. दर वळणाला बाई आरशात पाहत आणि थांबत.

ओढ्यावर पोहोचताच भाचा धावत आला. बाई धडधाकट आहेत हे पाहिल्यावर त्याचा राग वर आला. "काय झालं मामा? तुम्ही मागं असताना माणूस राहतंच कसं?"

मामाने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि डावा हात सगळ्यांसमोर धरला. "मिटत नाही. दगडाची वाट जमेना, म्हणून बाजूनं आलो. लांब्याची चूक नाही. कुणाचीच नाही."

लांब्या आपल्या बुटांकडे पाहत होता. भाच्याने तो हात हातात घेतला, बोटे मिटून पाहिली. सोडली की ती पुन्हा तशीच उघडी राहत.

"मामीला माहितीय?"

"बटणं तीच लावते."

भाच्याने हात हळूच खाली सोडला. त्याला रागावायचे होते, पण राग कुठे ठेवावा हे कळत नव्हते. शेवटी तो एवढेच म्हणाला, "गाडी जीपमध्ये चढवा."

गाडी चढली, दोर आवळले गेले. मामाने जाकीट काढून भाच्याच्या खांद्यावर टाकले. "मुक्कामाच्या अलीकडं अजून एक फाटा आहे. तिथं मी उभा राहतो. जीपमधून सोडा मला. लांब्या पुढं जाईल, तू मागं राहा."

"मामा, तुम्ही सरळ मुक्कामाला जाऊन पडा ना. दमलाय."

"दमलोय. उभं राहता येतं."

जीप त्याला फाट्यावर उतरवून पुढे गेली. मामाने उजवा हात लांब केला. एकेक गाडी आली, धूळ उडवून वळली. बऱ्याच वेळाने बाई आल्या, त्याच्याजवळ गाडी हळू करून म्हणाल्या, "इकडं ना?" वाट स्वच्छ दिसत होती, तरी त्यांनी विचारले. मामाने मान डोलावली.

मग नारिंगी जाकीट आले. भाच्याने गाडी थांबवली. मागे कोणी उरले नव्हते.

"चला मामा."

मामा पुढे झाला, पाय टाकून मागच्या सीटवर बसला आणि अडला. आयुष्य गाडीवर गेले, पण मागे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हे त्याला आठवेना. बूट हवेत लोंबत राहिले. भाच्याने वळून पाहिले, गाडी स्टँडवर लावली आणि खाली उतरून वाकला. मागच्याने पाय ठेवायचे दोन्ही दांडे चिखलाने गच्च मिटलेले होते. ते त्याने नखांनी खरवडले, एक उघडला, मग पलीकडे जाऊन दुसरा.

"इथं ठेवा," तो म्हणाला.

मामाने पाय ठेवले.