साळूबाईची लेकरं

“एका बाईला एवढी लेकरं? आणि त्यात एक कृष्णा, एक याह्या!” अभयनं खुर्ची सायलीकडे फिरवली. “जरा पटेल असं तरी लिहायचं ना.”

सायलीही हसली. पडद्यावर पंचवीस-तीस खाती लाल झाली होती आणि सगळ्यांचा मजकूर एकच होता : ‘माझी आई साळूबाई गंगापूर तालुक्यात नदीकाठच्या वस्तीवर अडकली आहे. तिला चालता येत नाही. पाणी ओट्याला लागलंय. होडी पाठवा.’

सिडकोतल्या या ऑफिसात निवडणुकीच्या दिवसांत खोटी खाती हुडकायचं काम चालायचं. अनेक तोंडांतून एकच वाक्य आलं की समजायचं, बोलविता धनी एकच. सायलीनं अशा कितीतरी टोळ्या पकडल्या होत्या. आता पूर आला, तर त्याच टेबलांवर मदतीच्या हाका येऊन पडल्या. खरी हाक नियंत्रण कक्षाकडे पाठवायची, खोटी लाल ठेवायची. होड्या मोजक्याच.

तिनं ती खाती मागं मागं बघत नेली. निवडणुकीनंतर सगळी गप्प. त्याआधी सगळ्यांवर एकाच उमेदवाराचा तोच तो फोटो.

“बघ,” अभय म्हणाला, “होडी मागवतील, साहेब तीत बसून फोटो काढतील. राहू दे लालच.”

राहूही दिलं असतं. घरी जायची वेळ झाली होती. तान्ह्या बाळाची भूक तिकडे घरी जागी झाली की इकडे हिची छाती ठणकायला लागायची, तशी ती ठणकत होती. पण खोटं लिहिणारा माणूस निदान आई तरी बदलतो, हे काही मनातून जाईना. एका पोस्टखाली नंबर होता, सगीरा नावाच्या बाईचा. सायलीनं आपल्या फोनवरून तो लावला.

“साळूबाई तुमच्या कोण?”

“कोन म्हंजी? शेजारीन.”

“मग आई का लिहिलंत?”

“आमी कुठं लिवलं? पुंजारामनं लिवलं, तिच्या पोरानं. त्यो पुण्याला कामाला हाय. म्हनला, पुढं पाठवा. आख्ख्या वस्तीनं पाठवलं.”

“पण थोडं बदलून...”

“बदलायचं काय त्यात? बुढ्ढी तर तीच हाय ना!” वाऱ्याचा घोंगाट आला. “आमी समदे शाळेत आलो. तिला खाटेवर उचलून बघितलं, पन ओढ्याला लई ओढ. पोरं माघारी ठिवून आली तिला.” मग आवाज एकदम सावध झाला. “पन तुमी कोन्त्या पार्टीच्या? मागल्या पुरात बी असाच फोन आलता. नावं इचारली, आन् आलं नाय कुनी.”

“मी पार्टीची नाही हो.”

“समदे असंच म्हनतात,” म्हणून सगीरानं फोन ठेवला.

सायलीनं लाल खूण काढली.

“खोटं निघालं तर?” अभयनं विचारलं.

“माझं नाव टाक.”

“घ्या! साळूबाईला आणखी एक लेक झाली.”

होडी दिवेलागणीला पोहोचली. तोवर पाणी खाटेला टेकलं होतं, असं नंतर कळलं. कुडकुडणाऱ्या म्हातारीला दवाखान्यात नेलं.

पाणी ओसरलं. एका सकाळी सायली टेबलाशी येऊन बसली, तर पडदा पुन्हा लाल. कृष्णा, नवाब, याह्या, तीच सगळी खाती. मजकूर एकच : ‘माझी आई साळूबाई आज पहाटे गेली. माती दुपारी, वस्तीवर.’

अभय तिच्या मागं येऊन उभा राहिला. सायली एकेक खातं उघडून तेच वाक्य शेवटपर्यंत वाचत गेली.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. सगीराचा नंबर. तोच निरोप आला होता, आणि खाली एवढंच : ‘पुढं पाठवा.’

सायलीनं तो निरोप पुढं पाठवला, एक अक्षरही न बदलता.

मागं उभ्या असलेल्या अभयच्या खिशात फोन वाजला.