वॉशर

क्रांती आवाज करत येते. कुपवाडमध्ये ती आली तेव्हा मल्हारने चप्पल काढून पॉवर प्रेसच्या पेडलवर पाय दिला होता. चांगली चार मिनिटं ती दणाणली आणि वाया गेली, कारण मोबाईलवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"परत," वीरधवल म्हणाला.

"पाय भरून आलाय रं."

"परत."

सुट्टीचा दिवस होता. शेडचं शटर आतून ओढून घेतलेलं. प्रेसच्या गळ्यात खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून तांबूस झाली होती आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या चार पाकळ्या झडत होत्या. एरवी या प्रेसवर वॉशर कापले जात. वॉशरकडे जगात कोणी निरखून पाहत नाही. वीरधवल सात वर्षं पाहत होता. त्याचे वडील लालासाहेब सैन्यात मशीन दुरुस्तीवर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शेड टाकली, आणि शेड म्हटली की घरचा एक माणूस लागतोच. घरात वीरधवल होता.

बँडचं नाव थ्री फेज. तिघं होते म्हणून. पैकी संयोगिता नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तेव्हापासून तिचं बेस गिटार व्हॉट्सॲपवर येत होतं. मल्हारचा ड्रमसेट शेजाऱ्यांच्या विनंतीला मान देऊन माळ्यावर गेला होता. उरला प्रेस. कापायचा साचा, म्हणजे डाय, काढून रिकामा चालवला की तो ताल धरायचा. ठाक, ठाक, कर्र-ठाक. त्यातल्या 'कर्र'वर मल्हारचा जीव होता.

"लाखाच्या ड्रममधनं असला आवाज निघायचा न्हाई गड्या," तो म्हणायचा. "हे आतनं येतंय."

वीरधवलने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

*तुझ्या मापानं कापलंस मला,*
*मधे भोक तेवढं ठेवलंस.*
*त्याच भोकातनं निघालो आता,*
*दार लाव, नायतर नको लावू.*

शेवटची ओळ तो आठ वेळा म्हणायचा, दर वेळी जास्त जोरात. आठव्या वेळी गळ्याच्या शिरा फुगायच्या.

गाण्याचं काम एकच होतं. संयोगिताच्या इमारतीतली एक खोली एक तारखेला रिकामी होणार होती. वीस तारखेपर्यंत कळव, नाहीतर दुसरा कोणी घेईल, असं तिने दोनदा सांगितलं होतं. वीरधवलने घरी अजून विषय काढला नव्हता. तो विषय गाणं काढणार होतं.

"तोंडानं सांग की लेका," मल्हार म्हणाला. "मराठीत. दोन वाक्यं हाईत."

"तोंडानं सांगायला समोर बाप लागतो."

"मग त्ये कोण हाईत?"

"हवालदार."

गाणं मोबाईलवरून इंटरनेटवर चढवलं. अकरा दिवसांत तीनशे चाळीस लोकांनी ऐकलं. त्यातले बहुतेक औद्योगिक वसाहतीतले होते, असं प्रतिक्रियांवरून दिसलं. एकाने लिहिलं, 'फ्लायव्हीलला ग्रीस द्या.' दुसऱ्याने लिहिलं, 'ग्रीसनं भागायचं नाही आता.' उंब्रजच्या एकाने विचारलं होतं, 'लय भारी. मशीन विकायचंय का?' शब्दांबद्दल एकच प्रतिक्रिया होती, ती मल्हारच्या आत्याची. तिने हात जोडले होते.

एकोणीस तारखेला, चारच्या चहाला, वीरधवलने मोबाईल वडिलांच्या टेबलावर ठेवला. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा.

"आबा, हे ऐका जरा."

"काय हाय?"

"गाणं. मी केलंय."

लालासाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढून ऐकायची त्यांची जुनी सवय. मशीनही ते तसंच ऐकायचे. गाणं संपलं. त्यांनी बोटानेच परत लाव म्हणून खुणावलं. दुसऱ्यांदा त्यांनी मोबाईल कानाला लावला. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले आणि थोडं मागं घेऊन ऐकलं. वीरधवल बशीतला चहा पुन्हा कपात ओतत होता.

"फ्लायव्हीलचं बेअरिंग गेलंय," लालासाहेब म्हणाले.

वीरधवलने कप खाली ठेवला.

"रोज हितं बसून कान मेला माझा. मोबाईलात बरोबर कळलं बघ."

"आणि शब्द?"

"ऐकले की. तीनदा ऐकले." त्यांनी चष्मा घातला. "जायच्या आधी तेवढं बदलून जा. फ्लायव्हील मला एकट्याला निघायचं न्हाई."

त्या रात्रीचं भांडण वीरधवलने दोन वर्षांपासून तयार ठेवलं होतं. आईची वाक्यं, वडिलांची वाक्यं, आपली उत्तरं, सगळं. ते झालंच नाही. जेवताना आबांनी फक्त पुण्यात पाण्याची सोय कशी आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी पुलर लावून प्रेसचं ते जड चाक, फ्लायव्हील, ओढून काढलं. नवं बेअरिंग बसवायला संध्याकाळ झाली. आबांनी जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, 'कर्र' वाजलं, तसं त्यांनी ते वीरधवलकडे दिलं.

"घे. तुझ्या बाज्यातलं हाय."

तेवढ्यात मल्हार आला. संयोगिताचा मेसेज आला होता: आज वीस. वीरधवलने लिहिलं, 'रात्री कळवतो.' कशाला रात्री, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"जायच्या आधी एकदा वाजवू," मल्हार म्हणाला आणि चप्पल काढली.

प्रेस सुरू झाला. ठाक, ठाक, ठाक. मधलं 'कर्र' गेलं होतं. घड्याळासारखा सरळ ठोका. मल्हारने पेडलवर पाय वेडावाकडा मारून पाहिला, उपयोग झाला नाही. वीरधवलने डोळे मिटले, गळा मोकळा केला आणि शेवटच्या ओळीपर्यंत आला.

"दार लाव, नायतर नको लावू..."

"उघडंच हाय रं!" प्लायवूडच्या पलीकडून आबा ओरडले.

त्यांना खरंच वाटलं असावं की कोणी विचारतंय. शटर वरपर्यंत गेलेलं होतं. समोरच्या रस्त्यावरून पाळी सुटलेली माणसं दुचाक्यांवरून घरी चालली होती. वीरधवलने तोंड उघडलं. ती ओळ अजून सात वेळा म्हणायची होती.

मल्हारने चार ठोके वाट पाहिली. मग पाय काढला.

"काय झालं?"

"काय नाही. सूर लागंना."

"उद्या बघू मग."

"उद्या बघू," वीरधवल म्हणाला, आणि पुसायचं फडकं शोधू लागला.

संयोगिताच्या इमारतीतली ती खोली इचलकरंजीच्या एका मुलाने घेतली. जुनं बेअरिंग केबिनमध्ये बिलांवर वजन म्हणून आहे. नव्याला वीरधवल दर शनिवारी स्वतः ग्रीस देतो. त्याला आता दोन वर्षं झाली. अजून आवाज नाही.