एकदम नवा बॅकअप

वडिलांचा कॉम्प्युटर स्लो झालाय हे गजेंद्रच्या लक्षात आलं, तेव्हा आपण फार जबाबदार मुलगा आहोत असं त्याला वाटून गेलं. प्रभाकरराव सकाळी उठायचे, चूळ भरून थेट घरखर्चाचं सॉफ्टवेअर उघडायचे आणि कितीतरी वेळ पडद्याकडे नुसते बघत बसायचे. ना माउस हलायचा, ना माणूस. मग उठून चहा मागायचे. मशीन म्हातारी झाली, असं निदान करून गजेंद्रने सीपीयू स्कूटरवर पायांमध्ये उभा केला आणि स्टेशनकडच्या रत्नदीपच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला.

प्रभाकररावांनी वर्ध्याच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे जन्मभर दिवाणजीगिरी केलेली. आता डोक्यानं दगा दिला होता, कालचं आज आठवत नसे. तरी गाडी चालली होती, कारण काल घरखर्चाच्या फाइलमध्ये असायचा. दाढी, पन्नास रुपये. म्हणजे दाढी झाली. हनुवटीवरून हात फिरवायचीही गरज नाही.

"बॅकअप हाय नं?" रत्नदीपनं विचारलं.

"हाय न. बाबाच्या पेनड्राइव्हमधी."

"मंग मारू फॉरमॅट?"

"मार."

पेनड्राइव्हमध्ये एकच फाइल होती. नाव होतं 'एकदम नवा'. गजेंद्रने ती निर्धास्तपणे भरली. फाइल खरोखरच एकदम नवी होती, ज्या दिवशी बनवली त्या दिवशी. पुढेही प्रभाकरराव दर रविवारी बॅकअप घेत होते, फक्त पेनड्राइव्ह लावायचं विसरत होते. मशीन बिचारी सगळं आपल्याच पोटात जपून ठेवायची, आणि ते पोट रत्नदीपनं स्वच्छ धुऊन दिलं होतं. घराचं मागचं सव्वा वर्ष गेलं. गजेंद्रची आई सुलोचनाबाई त्याच सव्वा वर्षात वारली होती.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव दोन मिनिटांत कॉम्प्युटरवरून उठले.

"पाह्य," गजेंद्र बायकोला, मयुरीला म्हणाला, "कसा पयते आता!"

"सुलोचना," प्रभाकररावांनी हाक मारली, "बीपीच्या गोळ्या सरत आल्या तुया. आज आणतो."

मयुरीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"अहो, कॉम्प्युटर स्लो नव्हता," ती हळूच म्हणाली. "बाबा वाचत. लाकडं, शववाहिका, तेरवीचा आचारी. रोज सकाळी त्याइले नव्यानं समजे. मंग डोळे पुसत अन् चहा मागत. तवा तुमी झोपून राहत."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं तुमाले मालूम हाय. पोरगा त्याइचा तुमी, मी नाई."

गजेंद्रने वडिलांना सरळ सांगून टाकलं, "बाबा, माय वारली."

"एंट्री दाखव," प्रभाकरराव म्हणाले.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तो त्यांनी नीट पाहिला, फाइलमध्ये फ्रेमचा खर्च शोधला, सापडला नाही. मग फोटो उतरवून पलंगाखाली सरकवला. "जित्या बाईले हार घालता? लाजा वाटू द्या!"

गजेंद्रचं अवसान गळालं. "अल्लीपूरले गेली मामाकडे," तो म्हणाला. प्रभाकररावांनी ताबडतोब नोंद केली: एसटी, अर्धं तिकीट. मग आपलं ताट झाकून ठेवलं. "ते आली का जेवतो."

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये जायचं तिकीट होतं, यायचं नव्हतं. म्हणजे अजून आली नाही. ताट झाकलेलंच. तिसऱ्या दिवशीही तेच. भुकेचा काही खर्च नसतो, त्यामुळे तिची नोंद कुठेच नव्हती. आठवडाभरात पायजमा कमरेवर थांबेनासा झाला. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. प्रभाकररावांनी पडल्या पडल्या सलाईनची किंमत तेवढी विचारून घेतली.

"येयाचं तिकीट टाकून द्या," मयुरी म्हणाली. "मंग तं जेवतीन."

"अन् मंग माय कुठून आणू?"

"मंग तेरवीचाच खर्च भरू," ती म्हणाली. दुपारी प्रभाकररावांचा डोळा लागला तेव्हा दोघं कॉम्प्युटरपुढे बसले आणि अल्लीपूरचं तिकीट खोडून आईचं मरण आठवून आठवून भरू लागले. बिलं नव्हती. मयुरीला बरंच पाठ होतं. गजेंद्र हिरव्या साडीपाशी अडला. सुलोचनाबाई सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, ती प्रभाकररावांनी स्वतः जाऊन आणलेली. किंमत दोघांनाही माहीत नव्हती. त्यानं अंदाजानं एक आकडा टाकला, मग तो खोडून दुप्पट केला. आईला त्यानं साडी अशी कधी घेतलीच नव्हती.

सगळं भरून झाल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं, बदल साठवायचे का?

गजेंद्रचा हात थांबला. हो म्हटलं की आई मेली. नाही म्हटलं की बाप.

"दाबा," मयुरी म्हणाली.

त्यानं दाबलं.

सकाळी गजेंद्र दाराशी उभा राहिला. प्रभाकररावांनी फाइल उघडली. बराच वेळ गेला. त्यांची पाठ आधी ताठ होती, मग हळूहळू खुर्चीत खचत गेली. एकदा त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि ते तसंच ठेवलं. गजेंद्रला तिथून निघून जावंसं वाटत होतं. तो गेला नाही.

प्रभाकररावांनी डोळे पुसले, ते वळले आणि त्यांना दारात मुलगा दिसला. त्याचा चेहरा पाहून ते लगबगीनं उठले. त्याचा दंड धरून त्याला बाहेर पायरीवर नेऊन बसवलं. स्वतः शेजारी बसले.

"गजू," ते म्हणाले, "मन घट्ट कर बाप्पा. तुई माय गेली."



"केव्हा?" त्यानं विचारलं.

"झाले लय दिवस. तुले कोणं सांगितलंच नसन." ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "रडून घे. मी हाव न."

गजेंद्र रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग प्रभाकररावांनी मयुरीकडे पोहे मागितले, दोन प्लेटा, आणि मुलाला भरवल्यासारखे करत स्वतःही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्याचा आवाज आला, तेव्हा गजेंद्र तोंड धुऊन आधीच पायरीवर जाऊन बसला होता.