लाखात अकरा वेळा

डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे चिपताई म्हणायचे. हे नाव ठेवलं पॅनेलकाकांनी, तेही तिच्या पहिल्याच दिवशी. ती पिशवीतून चिप बसवलेली पाटी, म्हणजे डेव्हलपमेंट बोर्ड, काढून टेबलावर ठेवत होती, तेवढ्यात काका चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"एवढ्याशा पाटीवर माझं अख्खं कपाट मावणार म्हणतेस?"

"मावून वर जागा उरेल, काका."

"उरू दे. तिथे मी बसेन."

कपाट म्हणजे पत्रा साच्यात दाबून झाकणं काढणाऱ्या मोठ्या प्रेसचं कंट्रोल पॅनेल. एकोणीस वर्षांपूर्वी काकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. आत बत्तीस रिले होते, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे खटके. प्रेस चालली की त्यांची कटकट सुरू व्हायची आणि काका लांबूनच सांगायचे, खालच्या ओळीतला तिसरा थकलाय. काम म्हटलं तर साधं. प्रेसवर बसलेल्या माणसाने दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली, तरच प्रेस खाली यायची. दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे साच्यात एकही नाही. एक हात सुटला की प्रेस आहे तिथे थांबायची.

तसे रिले बाजारात मिळेनासे झाले, म्हणून मालकांनी चिपताईला घेतलं होतं. बोर्डच्या मधोमध एक काळी चिप होती, पार कोरी. कॉम्प्युटरवर लॉजिक लिहून तिच्यात उतरवलं की ती तशी वागायची, आणि पटलं नाही तर पुसून पुन्हा लिहायचं. काकांच्या पॅनेलमध्ये एक बदल करायचा म्हणजे दिवसभर वायरी सोडा आणि बांधा. इथे तेच काम चहा गार व्हायच्या आत उरकायचं. काका शेजारी स्टूल टाकून बसायचे, बोर्डवरची दोन बटणं दाबून बघायचे आणि "प्रेस खाली"चा लाल दिवा लागला की लहान मुलासारखे हसायचे.

एका दुपारी काकांनी डाव्या बटणावरचं बोट उचललं. "प्रेस थांबली"चा हिरवा दिवा लागायचा सोडून लालच राहिला. क्षणभरच, पण दोघांनीही पाहिला.

"परत दाबून बघू," काका म्हणाले.

चाळीसेक वेळा दाबून झालं. दिवा काही चुकेना. दुसऱ्या दिवशी मालकांना दाखवायचं होतं.

"वायर लूज असेल," चिपताई म्हणाली.

काकांनी मुकाट्याने सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. मग जरा चाचरत म्हणाले, "एक करशील? माझा एक रिले मध्ये राहू दे. बटणं सुटली की सरळ वीजच तोडेल. तुझ्या चिपला काही विचारायला नको."

"काका, मग चिप कशाला बसवायची?" ती हसत म्हणाली.

तेही हसले. विषय तिथेच संपला. त्या हसण्याची आठवण पुढे तिला फार छळायची.

चिप प्रेसला बसली आणि आठ महिने प्रेस झकास चालली. मग एके सकाळी प्रेसवर वहिनी होत्या. त्यांचा नवरा पूर्वी तिथे होता, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी. पत्रा जरा तिरका बसला म्हणून त्यांनी डावा हात बटणावरून काढला आणि साच्यात घातला. प्रेस थांबायला हवी होती. ती खाली आली. वहिनींची दोन बोटं गेली.

चौकशीला मालकांच्या केबिनमध्ये तिघं होते. मालकांनी आधी चिपताईकडे पाहिलं. तो लाल दिवा तिला स्पष्ट आठवत होता. जिभेवर आलेलं तिने गिळलं.

"लॉजिक मी तपासलेलं आहे," ती म्हणाली. "वायरिंग एकदा बघायला हवं."

वायरिंग काकांचं. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि तासाभराने परतले. चेहरा उतरलेला होता. "डाव्या बटणाचा एक स्क्रू सैल लागला. अर्धा आटा," ते म्हणाले. "माझ्याच हातचा."

अर्ध्या आट्याने प्रेस खाली येत नाही. सैल वायरीने बटण सुटल्यासारखं होतं, दाबल्यासारखं नव्हे. हे चिपताईला त्याच क्षणी कळलं होतं. पण ती बोलली नाही. मालकांचं समाधान झालं, पुन्हा कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून त्यांनी प्रेसला सरकता पिंजरा बसवून घेतला, आणि काकांनी महिन्याभरात काम सोडलं. निरोपाच्या दिवशी ते तिला म्हणाले, "तू मन लावून काम कर हो. तुझं काही चुकलं नाही."

वर्षभरात तिनेही तो कारखाना सोडला आणि एका तंत्रशाळेत शिकवू लागली. चिपताई म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, त्याचं तिला बरंच वाटलं.

सहा वर्षं गेली. बटणांचे घोटाळे वर्गाला शिकवायचे होते, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती रिकाम्या प्रयोगशाळेत बोर्ड घेऊन बसली. उदाहरण म्हणून तिने तेच जुनं लॉजिक उतरवलं. दुसरं उदाहरण सुचलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. या वेळी बोटांनी चाळीसदा दाबून भागणार नव्हतं. तिने चिपच्याच एका कोपऱ्यात खोटं बटण बनवलं. ते मिनिटाला हजारो वेळा दाबून सुटायचं, आणि दुसरा कोपरा चुका मोजायचा.

एक लाख वेळा बटण सुटलं. चुका अकरा.

तिने पुन्हा मोजलं. या खेपेला नऊ.

कारण समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चिपच्या आत एक घड्याळ असतं, आणि तिचा सगळा कारभार त्याच्या ठोक्यावर चालतो. माणसाचा हात तो ठोका बघून उठत नाही, आणि तिने ते खोटं बटणही त्या ठोक्याशी मेळ नसलेलंच बनवलं होतं. ऐन ठोक्याला बटण सुटलं की चिपच्या एका भागाला ते सुटलेलं दिसतं आणि दुसऱ्याला दाबलेलं, आणि त्या गोंधळात ती भलतीकडेच जाते. यावरचा उपाय कुठल्याही पुस्तकात सापडतो. बटणाची खबर दोन ठोके थांबवून मग आत घ्यायची. लॉजिकमध्ये दोन ओळी वाढवायच्या. तिने त्या वाढवल्या. एक लाख, शून्य. दहा लाख, शून्य.

मग बोर्ड तसाच चालू ठेवून तिने काकांचा पत्ता शोधायला फोन लावले.

काका मुलीकडे राहत होते, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. पार वाळले होते, पण तिला बघून चेहरा फुलला. "अगं, चिपताई! ये ये. बस."

ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. लाल दिवा, दोन ओळी, स्क्रूचं, आणि केबिनमध्ये आपल्याला माहीत असून आपण गप्प बसलो तेही. सांगताना आवाज फाटला, पण तिने काही गाळलं नाही.

काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझी वायर नव्हती?"

"नव्हती, काका."

"वहिनींचं घर मागच्याच गल्लीत आहे. माहीत आहे तुला?"

तिला माहीत नव्हतं.

"इतकी वर्षं मी त्या गल्लीतून गेलो नाही. दवाखाना तिकडूनच जवळ पडतो, तरी लांबून वळसा घालतो. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं, तेव्हा आजारी असल्याचं खोटं सांगितलं. एवढ्या हौसेने बोलावलं होतं त्यांनी." काका थांबले. "तुझ्या हातून चुकलं, ते मी समजू शकतो. तो दिवा मीही पाहिला होता. रिलेसाठी मीच हट्ट धरायला हवा होता. पण तू मला सांगितलं नाहीस."

"घाबरले होते."

"पहिल्या दिवशी घाबरलीस. त्यानंतर?"

ती म्हणाली, "मी मालकांना लेखी कळवते. आजच. आणि वहिनींकडे जाते."

"जा. पण तू उद्या जा." काका भिंतीला धरून उठले, दाराशी जाऊन पायाने चपला चाचपू लागले. आतून मुलीने विचारलं, "बाबा, आता कुठे निघालात?"

"मागच्या गल्लीत," ते म्हणाले. "येतो तासाभरात."

चिपताई हात द्यायला पुढे झाली. काकांनी तो घेतला नाही. रागाने झिडकारला असंही नाही. नुसतं कठड्याला धरलं, आणि एकेक पायरी उतरू लागले. खालच्या वळणावर पोचल्यावर त्यांनी वर न बघताच सांगितलं, "तू नको येऊस माझ्यामागे."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली. खाली फाटक उघडल्याचा आवाज आला. आतून काकांची मुलगी बाहेर आली, तिने चिपताईला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"