काळीतलं घर

ईश्वरच्या घरातलं बेडरूमचं दार ऑगस्टातल्या एका शनिवारी भर दुपारी अडकलं, आणि अडकलं ते नेमकं संघमित्रा आत असताना. तिला आठवा महिना सरत आलेला. जेवून जरा आडवी झाली होती, उठून बाहेर यायला गेली तर दार हलेना. बाहेरून तिचा नवरा ईश्वर आणि आमचे हे, प्रतापराव, खांदा लावून उभे. दोघेही इंजिनिअर. एक तेलाच्या कंपनीत पाइपलाइनी आखतो, दुसरा त्यांचे पंप बसवतो. अर्ध्या टेक्सासचं तेल ह्यांच्या जिवावर वाहतं असं दोघांच्या बोलण्यावरून वाटावं, पण एक दार काही उघडत नव्हतं.

"प्रताप, तू खालून ढकल, मी वरून. वन, टू..."

"अरे, अँगल चुकतोय यार. फोर्स हिंजच्या अपोझिट साइडला पाहिजे."

आतून संघमित्रा ओरडली, "तुमची मीटिंग नंतर घ्या. इथे एसीची हवा येत नाहीये, मी शिजतेय!"

मी समोरच्याच घरात राहते. आरडाओरडा ऐकून हातातली कणीक तशीच घेऊन धावत आले होते. ईश्वरची आई, पंचफुला मावशी, सोफ्यावर बसून बाळाचं दुपटं शिवत होती. ती उठली, मोठी सुई पदराला टोचली आणि दोघांना बाजूला सारलं.

"काहून ढकलून रायले रे? दार का बैल हाय? वरच्या कोपऱ्यात घासून रायलं ते. मुठीले धरून खाली दाबा, मंग ढकला."

तिनंच मूठ खाली दाबली, कमरेचा एक हिसडा दिला, आणि दार उघडलं. घामानं निथळलेली संघमित्रा बाहेर आली. मावशीनं न्हाणीतला साबण आणून दाराच्या वरच्या कडेला घासला. आमचे हे म्हणाले, "आम्ही लूज केलं होतं म्हणून उघडलं."

मावशी यवतमाळकडची. सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. आल्यापासून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची अर्धी कामं तिनं सोपी करून टाकलेली. ह्यूस्टनकडच्या दमट हवेत मीठ ओलं होऊन बरणीला चिकटतं, तर तिनं माझ्या मिठाच्या डबीत चार तांदूळ टाकले. एकात एक अडकलेले दोन पेले मी फेकायला काढले होते. तिनं वरच्यात गार पाणी ओतलं, खालचा गरम पाण्यात धरला, आणि पेले आपसूक सुटले. मी सांगलीची, वीणा माझं नाव, लोकांना सल्ले देण्यात मीही काही कमी नाही. पण मावशीपुढे मी गप्प बसून शिकत असे.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिला उपायबंदी होती. त्याचं कारणही तसंच घडलं होतं. जुलैत डास झाले म्हणून तिनं तव्यावर निखारा करून कडुनिंबाच्या सुक्या पाल्याची धुरी दिली. पाला गावाहून आणलेला, साड्यांच्या घडीत लपवून. छतावरचा स्मोक अलार्म जो कोकलायला लागला तो थांबेना, शेजारच्या म्हातारीनं घाबरून फोन केला, आणि लाल बंब दारात. चार धिप्पाड माणसं हेल्मेट घालून आत आली, तर मावशी तवा हातात धरून उभी. ती त्यांना म्हणाली, "बसा, चाय ठेवतो."

त्या संध्याकाळी संघमित्रानं हात जोडून सांगितलं, "आई, प्लीज. ह्या घरात आता एकही उपाय नको. काही लागलं तर आपण स्टोअरमधून आणू."

मावशी "बरं" म्हणाली. पण तेव्हापासून ती सोफ्याच्या एका कडेला अंग चोरून बसू लागली. मला एकदा म्हणाली, "इथं माहं काई काम नाई, वीणा. बाळ झालं का मी जातो." मला वाईट वाटलं. साठी ओलांडलेली, जन्मभर दुसऱ्यांची वावरं निंदून एकुलत्या पोराला शिकवलेली बाई, आणि पोराच्या घरात तिला पाहुण्यासारखं बसवून ठेवलेलं.

तर ते दार. दुसऱ्या दिवशी बाथरूमचंही दार लागेना. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग दिसली. त्या वर्षी उन्हाळा असा पेटला होता की मेपासून धड पाऊस नव्हता. हिरवळ वाळून पिवळी पडलेली, आणि आमची पोरं बाहेर खेळायला जा म्हटलं की इंग्रजीतून साफ नाही म्हणत.

ईश्वरनं पायाची कामं करणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं हॉलच्या फरशीवर एक गोटी ठेवली. गोटी आपली आपण घरंगळत बाहेरच्या भिंतीला जाऊन टेकली. तो म्हणाला, पाया खचला आहे. घराच्या कडेनं आणि आतूनही फरशी फोडून खांब घालावे लागतील. तीन आठवडे घर रिकामं करा. ह्या अख्ख्या शुगर लँड गावातली घरं हललेली, त्यामुळे तुमचा नंबर सप्टेंबरच्या अठरा तारखेला.

संघमित्राची तारीख होती पंचवीस सप्टेंबर.

ती माणूस जाईपर्यंत थांबली आणि मग ढसाढसा रडली. "पाळणा आणलाय, रूम पेंट केलीय. बाळाला घेऊन मी मोटेलमध्ये जाऊ? ईश्वर, आपल्या दोन्ही घरांत मिळून हे पहिलं स्वतःचं पक्कं घर आहे. आणि ते पण फोडायचं?"

ईश्वर खिडकीबाहेर बघत राहिला.

मावशी तेवढ्यात उठून मागच्या दारानं बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. ती घराच्या कडेला उकिडवी बसली होती. भिंत आणि जमीन यांच्यामध्ये हाताएवढी फट पडलेली, आणि तिचा हात त्या फटीत मनगटापर्यंत गेलेला. तिनं एक ढेकूळ काढलं, फोडलं, थुंकीनं भिजवून बोटांत मळलं आणि माझ्यापुढे धरलं. काळं, चिकट.

"पाह्य. हे तं आपली काळी हाय. अमेरिकेत येऊन काळीत घर बांधलं यायनं!"

मी म्हटलं, "मावशी, त्यात काय एवढं?"

"तुमच्याकडं काय असते मले मालूम नाई. आमच्या गावात पांढरीवर घरं अन् काळीत वावर. पांढरी हालत नाई. काळी पावसात फुगते, उन्हात आकसते, अन् वरचं घर संगं वढते. कोनी शहाना मानूस काळीत घर बांधत नाई." ती जरा थांबली. "पन आमाले पांढरीत जागा कोन देते? आमचा मोहल्ला गावाबाहीर, काळीतच. दरसाल उन्हाळ्यात भित्ती उकलत, दारं अडकत. माही सासू चैत लागला का सांडपानी घराभवती टाके. भित्तीले नाई, हातभर दूर, जमिनीले. थोडं थोडं, रोज. गावातल्या लोकायले हे मालूमच नाई, त्यायले गरजच नाई पडली."

ती हे चिडून नव्हती सांगत. कुठल्या डब्यात काय ठेवलंय ते सांगावं तसं सांगत होती. मलाच कसंतरी झालं. आमचं सांगलीचं घर पांढरीवरचं होतं, आणि ते तसं का होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आत येऊन तिनं ईश्वरला सांगितलं. "पाया नाई खचला, बापा. जमीन तहानली. पानी पाज."

ईश्वर आधीच वैतागलेला. "आई, हे टेक्सास आहे. इथे ह्याचं इंजिनिअरिंग असतं. बादलीभर पाण्यानं घर सरळ होतं का?"

"बादलीभरानं नाई होत. महिना लागते."

"आई, बस्स! उपाय नको म्हणालीय ना संघमित्रा?"

मावशीनं दुपटं शिवायला घेतलं. पण दुसऱ्या दिवशी ईश्वर आणि संघमित्रा ऑफिसला गेल्यावर ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. "तुह्याकडं लांब नळी हाय का, रबराची?"

नळी होती. आमच्या ह्यांनी सेलमध्ये आणलेली, दोनशे फुटी, हिरवीगार, कधी गुंता होणार नाही अशी खात्री दिलेली. ती गॅरेजमध्ये अशी टांगलेली असायची की वाटावं हिला हारच घालायचा राहिलाय. मी क्षणभर विचार केला आणि काढून दिली. मावशीनं पदराची ती मोठी सुई काढली. सुई कसली, गोधड्या शिवायचं दाभण होतं. ते गॅसवर तापवलं आणि नळीला वीतभर अंतरावर एकेक भोक पाडत गेली. मी नळी पुढे सरकवत होते. मला नवऱ्याची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त हसू येत होतं.

ती नळी आम्ही ईश्वरच्या घराभोवती, भिंतीपासून हातभर दूर, अंथरली आणि वर वाळलेलं गवत टाकलं. रोज दुपारी सगळे बाहेर असताना मावशी नळ जरासा सोडायची. पाणी वाहायचं नाही, नुसतं पाझरायचं. पहिले आठ दिवस पाणी कुठे जातंय तेच कळेना. मी म्हणायचे, "मावशी, काही फरक नाही." ती म्हणायची, "चार महिन्याची तहान हाय. एका घोटात भागते का?"

इकडे दोन इंजिनिअरांना चैन पडेना. पुढच्या शनिवारी आमचे हे नवा कोरा विजेचा रंधा घेऊन समोर हजर. दार अडकतं ना, मग दार कमी करू.

मावशी आडवी आली. "दाराले हात लावू नका. त्याचा काई कसूर नाई."

"मावशी," आमचे हे समजावू लागले, "हा टेम्पररी फिक्स आहे. बाळ येईपर्यंत वहिनी पुन्हा अडकायला नको."

"मंग साबन लावा. लाकूड तासलं का परत लागत नाई."

पण हातात नवं यंत्र आलेला पुरुष कोणाचं ऐकतो? दार बिजागरीतून काढलं, अंगणात दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं, आणि तासभर भुसा उडवून वरची कड तिरपी तासली. परत बसवलं. दार लोण्यासारखं फिरलं. दोघांनी पाचसहा वेळा उघडझाप करून दाखवली. संघमित्रा खूश. मावशी दुपटं शिवत खाली मान घालून बसली. तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं, पण खांदे जरा हलत होते.

सप्टेंबर लागला. घराच्या कडेची फट बोटाएवढी झाली, मग नुसती रेघ राहिली. दहा तारखेच्या सुमारास संघमित्रा मला म्हणाली, "वीणा, विअर्ड आहे. बाथरूमचं दार आपोआप लागायला लागलंय." किचनची भेग मिटून केसाएवढी झाली. मी मावशीकडे पाहिलं. मावशीनं डाळीला फोडणी दिली.

अठरा तारखेला कंपनीचा माणूस आला. बाहेर ट्रक, ट्रकात घण आणि फावडी. हॉलमध्ये खोकी भरलेली, पाळणा सुटा करून भिंतीला टेकवलेला. त्यानं गोटी ठेवली. गोटी जरा डुगडुगली आणि तिथंच राहिली. त्यानं दुसरीकडे ठेवली. तिथंही राहिली. मग तो बाहेर गेला, घराला चक्कर मारली, पायानं गवत बाजूला सारलं, आणि नळी उचलून वर धरली. तो इंग्रजीत विचारू लागला, हे कोणी केलं?

ईश्वरनं नळीकडे पाहिलं. प्रतापरावांनी नळीकडे पाहिलं, आणि त्यांना ती ओळखू आली.

"वीणा!"

"नंतर," मी म्हटलं आणि मावशीकडे बोट दाखवलं.

माणूस सरळ होता. म्हणाला, घर पुष्कळ जागेवर आलंय, आता फोडण्यात अर्थ नाही. उन्हाळाभर असंच पाणी द्या. जाताना त्यानं टोपी काढून मावशीपुढे मान लववली. ईश्वर आईजवळ येऊन उभा राहिला. गावच्या बोलीत, दोन वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती त्या बोलीत, म्हणाला, "माय, मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं ना बापा," मावशी म्हणाली. "तू तवा इंजिनेर होता."

बाळ सत्तावीसला झालं. मुलगी. घरीच आली, रंगवलेल्या खोलीत, पाळण्यात. आणि ऑक्टोबरात नाव ठेवायला डॅलसपर्यंतची मंडळी जमली. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं हर्षिता, जेवणं झाली. मग ईश्वरला कंठ फुटला. काहींच्या घरांची दारं अजून अडकत होती, त्यामुळे सगळे कान देऊन ऐकत होते. एक्स्पान्सिव्ह क्ले म्हणजे काय, मॉइश्चर किती लागतं, पाणी भिंतीपासून किती लांब द्यायचं, हळूच का द्यायचं. आमचे हे मध्येमध्ये आकडे पुरवत होते. ड्रिप सिस्टिम आम्हीच डिझाइन केली, असंही एक वाक्य माझ्या कानावर आलं.

मावशी कोपऱ्यात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मागेच बेडरूमचं दार. बाकीचं घर सरळ झालं तसं हे दार वरून दोन बोटं तोकडं पडलं होतं. लावलं तरी आतला दिवा बाहेर दिसे. त्या तिरप्या फटीत मावशीनं आपल्या जुन्या लुगड्याची वळकटी शिवून बसवली होती, आणि लुगड्याचा लाल काठ सगळ्या पाहुण्यांना दिसत होता.

ईश्वरचं बोलून झालं. लोकांनी माना डोलावल्या. मावशी नातीकडे बघत म्हणाली, "तुहा बाप बरोबर सांगून रायला, माय. सारं खरं हाय. मंग इचार त्याले, दार काहून तासलं?"

सगळे दाराकडे वळले. आधी संघमित्रा हसली, मग अख्खा हॉल. ईश्वर कानापर्यंत लाल झाला आणि आमचे हे पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

हसणं ओसरल्यावर एक बाई म्हणाली, अहो, नवं दार बसवा की आता. ईश्वर हो म्हणणार तेवढ्यात संघमित्रा म्हणाली, "नको. ते तसंच राहू दे." मग ती सासूजवळ जाऊन खाली बसली आणि हळूच विचारलं, "आई, हिचं पोट दुपारपासून गच्च वाटतंय. काही उपाय आहे का?"

मावशीनं पदर खोचला. "हाय ना," ती म्हणाली. "हिंग आन."